ज्वारीत कापलेली वाट

येळवस जवळ आली की माझ्या स्वयंपाकघरात माठातलं ताक आंबायला लागतं आणि माझं चित्त सोनपेठच्या शेताकडं पळतं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. पाथरीला, माझ्या सासरी, तिचं एवढं वेड नाही. नवरा दरवर्षी न चुकता विचारतो, "आंबील प्यायला एवढ्या लांब जायचं?" मी दरवर्षी न चुकता उत्तर देत नाही. डबे भरते, रुमाल बांधते आणि एस.टी. स्टँड गाठते. हार्डवेअरच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला खिळ्यांतलं सगळं कळतं, आंबिलीतलं काही कळत नाही, आणि त्याबद्दल मी त्याला केव्हाच माफ केलंय.

येळवशीला आमच्या भागात गावं रिकामी होतात आणि शेतं भरतात. कडब्याची खोप उभी करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे, त्यांना भज्जीचा, ज्वारी-बाजरीच्या उंड्यांचा, खिरीचा नैवेद्य दाखवायचा. ही भज्जी तळलेली नव्हे. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे दाणे आणि हाताला लागतील त्या पालेभाज्या बेसनात शिजवून केलेली. मग आंबील शेतभर शिंपडायची आणि उरलेली पोटभर प्यायची. रस्त्यानं जाणारा कोणीही असो, त्याला हाक मारून पंगतीला बसवायचं. ज्वारी तेव्हा पोटऱ्यात असते, म्हणजे कणीस अजून पानांच्या पोटात दडलेलं असतं. आमच्या घरात त्या दिवशी उभ्या पिकाला विळा लावत नाहीत. जमीन पोटुशी असते, आपण तिचे डोहाळे पुरवायला जातो, असं माझे आजोबा सांगायचे. आजोबांना आम्ही अज्जा म्हणत होतो.

यंदाच्या येळवशीला अक्का आली आहे. अक्का माझी थोरली बहीण, पंचवीसहून जास्त वर्षं अमेरिकेत. तिचा एकुलता एक मुलगा ओंकार तिकडंच जन्मला, तिकडंच शिकला, आणि आता दसऱ्यापासून हैदराबादला नोकरीला लागलाय. त्याच्या कंपनीनं तिथलं काम उचलून इकडं आणलं, तर हा कामाच्या मागोमाग आला. घरात ही बातमी आली तेव्हा आमचे चुलतभाऊ बसूदादा फोनवरच हसत सुटले. "अक्काचा पोरगा उलटा आला की गं!" त्यांचं सोनपेठला खता-बियाण्याचं दुकान आहे. जगातली कोणतीही बातमी त्या दुकानाच्या पायरीवर आल्याशिवाय पुढं जात नाही.

अक्का मात्र हसली नाही.

मुळापासून सांगायचं तर अक्काचं आणि अमेरिकेचं नातं तिच्या जन्माच्या आधीच जुळलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात ती आईच्या पोटात होती. विहिरी आटल्या होत्या. ज्वारीवर जगणाऱ्या आमच्या मुलखात ज्वारीचा दाणा नव्हता. मग रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली. तिला मिलो म्हणायचे. भाकरी थापावी तर चिरायची, खावी तर घशात अडकायची. तिकडं ही जनावरांना घालतात असं कोणीतरी आमच्या वडिलांना, अप्पांना सांगितलं. अप्पांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं गेलं. भूक असली की माणूस धान्याचं गाव विचारत बसत नाही. आई पुढं जन्मभर सांगायची, "मी पोटुशी अमेरिकेचं खाल्लं, मनून ही पोरगी तिकडं गेली." सांगताना तिचा आवाज थोडा फुगायचा. आम्हाला जेवू घालणारा देश, आणि आता आमची लेक तिथं. त्यात तिला कुठंतरी फिटंफाट झाल्यासारखं वाटत असावं.

आमच्याकडं जगात कोणाची चलती आहे हे वर्तमानपत्रापेक्षा सोयरिकीत आधी कळतं. अज्जांच्या तारुण्यात निजामाच्या दफ्तरातला मुलगा म्हणजे सोन्याचं स्थळ. अप्पांच्या वेळी पुणं-मुंबईचा साहेब. अक्काच्या वेळी अमेरिका. 'मुलगा अमेरिकेत असतो' एवढं म्हटलं की पुढं काही विचारायचं नसायचं. तो तिथं काय करतो, खातो काय, माणूस कसा आहे, सगळं त्या एका शब्दात मिटायचं. माझ्या वेळी मात्र पाहुणे एस.टी.नं आले, बांधाबांधानं चालत आले आणि माझ्या हातची आंबील दोनदा मागून प्यायले. मला पाथरीला दिली त्याचं मला वाईट वाटत नाही. पण अक्काला बघायला आले त्या वर्षीची येळवस डोळ्यापुढं आली की आजही जरा चिमटा बसतो, हे कबूल.

मुलगा सुट्टीवर आला होता. सुट्टी थोडी, मुली पुष्कळ. मध्यस्थ म्हणाले, येळवशीला शेतातच बोलवा, शेतही बघतील आणि मुलगीही. अप्पा कामाला लागले. सडकेपासून आमच्या खोपीपर्यंत गाडीवाट नाल्याला वळसा घालून जाते. मोटार तिथं अडणार. पायी यायचं तर ढेकळं तुडवत बांधावरून यावं लागणार. अमेरिकेचा पाहुणा ढेकळांतून कसा येईल? अप्पांनी विळा घेतला आणि सडकेपासून खोपीपर्यंत उभ्या ज्वारीतून सरळ वाट कापायला सुरुवात केली. सकाळचं कोवळं ऊन होतं. कापलेल्या धाटांतून हिरवा, गोडसर वास येत होता. तो वास मला इतका आवडला की मी त्यातच रमले होते, आणि मग अज्जांकडं लक्ष गेलं.

अज्जा खोपीपाशी बसले होते. ते इतकंच म्हणाले, "शिवा, पोटुशी हाय रे ती."

अप्पांनी ऐकलं. हात थांबला नाही.

मंडपवाल्याकडून टेबल-खुर्च्या आल्या होत्या. परभणीहून बाटलीचं पाणी आलं होतं, चमचे आले होते. आंबिलीचा माठ आईनं खोपीच्या मागं घोंगडीखाली लपवला. पाहुण्याचं पोट बिघडलं तर सोयरीक मोडायची! रस्त्यानं जाणाऱ्यांना त्या वर्षी कोणी हाक मारली नाही. दरवर्षी आमच्या पंगतीला जेवून जाणारी बांगडीवाली सडकेवर थांबली, टेबल-खुर्च्या बघितल्या आणि टोपली सावरून निघून गेली. मोटार कापलेल्या धाटांवरून करकरत थेट खोपीपर्यंत आली.

आमचे दाजी त्यातून उतरले. बारीक, लाजरे, चष्मा घातलेले. ते खुर्चीवर बसले आणि आम्ही सगळे फोटो काढायला उभं राहावं तसे भोवती उभे. त्यांचं लक्ष मात्र सारखं खोपीच्या मागं. तिथं आमच्या घरची लेकरं तांब्यांनी आंबील पीत होती. अप्पांना वाटलं, पाहुण्याला किळस येतेय. त्यांनी लेकरांना हाकललं. आता दाजी काही आभाळातून पडलेले नव्हते. उदगीरचं पोर ते, येळवशीतच वाढलेलं! अमेरिकेच्या थंडीत ज्या आंबिलीसाठी जीव तडफडला, ती दहा पावलांवर होती आणि समोर बाटलीचं पाणी. मागावी तर लाज. हे सगळं आम्हाला लग्नानंतर अक्कानं सांगितलं. अजूनही ते तिकडं येळवशीला भारतीय दुकानातून ज्वारीच्या पिठाची चिमुकली पिशवी सोन्याच्या भावात आणतात आणि बाहेर बर्फ पडत असताना आंबील करतात.

सोयरीक जमली. उन्हं कलताना सगळे खुशीत होते. अज्जांनी तेव्हा तोंड उघडलं. "माझ्याबी लग्नात सासऱ्यानं येशीपासून कमानी केल्या होत्या. हैदराबादच्या दफ्तरातला जावई मनून. दोन सालं न्हाई झाली अन् हुकूमत गेली. उर्दू लिव्हून बोटं झिजली होती, अन् मी लेकरावानी पुन्हा बाराखडी घोटायलो."

अप्पा चिडले. "बाबा, अमेरिका काय निजाम हाय का?"

"निजाम तरी तवा कुटं निजाम वाटायचा," अज्जा म्हणाले. "तवा आमाला तेच जग वाटायचं."

आम्ही हसलो. म्हातारा माणूस, हैदराबादच्या आठवणींत रमलाय, असं मानून सोडून दिलं.

दुसऱ्या वर्षी त्या कापलेल्या पट्ट्यात ज्वारी खुरटीच आली. मोटारीच्या चाकांनी माती दबली होती. मी शेतात गेले की तो पट्टा शोधायची. हळूहळू नांगर फिरत गेला, पाऊस पडत गेला, ज्वारी पुन्हा सारखी झाली. आता ती वाट नेमकी कुठून होती हे मला तरी सांगता येणार नाही.

अक्काची वाट मात्र लांबच लांब होत गेली. सुरुवातीला ती दरवर्षी यायची. मग ओंकारची शाळा, मग दाजींच्या ग्रीन कार्डच्या कागदांचं काम. आई गेली तेव्हा ते कागद अर्ध्यावर होते. एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं तर पुन्हा आत घेतील याचा भरवसा नव्हता. आमच्या लिंगायत रीतीनं आईला मातीत बसवलं तेव्हा मी फोन वर धरून उभी होते आणि त्या फोनमध्ये अक्का होती. माझा हात भरून आला, पण खाली घेववत नव्हता. सगळं झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "शैले, मी कोणासाठी थांबलेय इथं? ओंकारसाठीच ना?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

म्हणून ओंकार हैदराबादला आला तेव्हा बसूदादा हसले आणि अक्का हसली नाही. ती इकडं येऊन पंधरवडा झाला, पण ओंकारशी फोनवर 'जेवलास का' याच्यापुढं बोलणं जात नाही. परवा आम्ही दोघी ओसरीवर भज्जीसाठी वाटाणे सोलत बसलो होतो. मी म्हटलं, "अगं, पोरगा जवळ आला, आनंद मानायचा तर तू अशी का?"

"जवळ?" ती म्हणाली. "कोणाच्या जवळ? मी तिकडं हाय, तो इकडं हाय." मग शेंग हातात तशीच धरून म्हणाली, "हैदराबादहून तो मोटारीनं एका सकाळीत येयलाय येळवशीला. आन् मला माझ्या आईकडं येता आलं न्हाई. ज्याच्यासाठी आले न्हाई, तोच येयलाय. मग मी तिथं काय केलं एवढे दिवस, सांग की."

इतकी वर्षं तिकडं काढूनही चिडली की अक्काच्या तोंडात सोनपेठच येतं. मला तिचा राग समजला आणि तिचं दुःखही. तिच्या आयुष्याचा एक हिशेब तिनं मनाशी मांडून ठेवला होता, आणि मुलानं एका नोकरीनं तो पुसून टाकला. त्याला बिचाऱ्याला पत्ताही नव्हता. मी वाटाणे सोलत राहिले.

आज येळवस. सकाळीच आंबिलीचा माठ डोक्यावर घेऊन आम्ही बायका बांधानं शेतात आलो. अक्कानं माठ माझ्याकडून मागून घेतला. आधी मान जरा डुगडुगली, मग जमलं. अप्पा आता थकलेत. खोपीच्या सावलीत घोंगडीवर बसून ते सगळ्यांवर लक्ष ठेवतात आणि कोणाचंच काम त्यांना पसंत पडत नाही. पूजा झाली, आंबील शिंपडून झाली. ओंकार वाटेत होता, म्हणून पंगत थांबली होती.

थांबलेल्या पंगतीला बसूदादांशिवाय कोण सांभाळणार? येळवशीला खोपीच्या सावलीत जगाचा निकाल लागतो, हा आमचा जुना रिवाज आहे. "आता अमेरिकेचं उतरतं ऊन हाय बघा," ते म्हणाले. "माझ्या दुकानात फवारणीचा पंप चीनचा. सोयाबीनचा भाव पडला तर कामून पडला? ब्राझीलात पीक लय आलं मनून. गोऱ्याला आता इचारतंय कोण?"

"बसूदादा," अक्का म्हणाली, "आमच्या तिथंबी पंप चीनचाच हाय."

सगळे हसले. अक्काही हसली, पंधरवड्यात पहिल्यांदा. त्या भरात बसूदादा पुढं बोलून गेले, "मग आता ओंकारला पोरगी बघताना सांगायचं, पोरगा हैदराबादला असतो! अज्जा असते तर लय खूश झाले असते." पुन्हा हशा झाला. अक्काचं हसू जिथल्या तिथं थांबलं. ती उठली आणि खोपीच्या मागं, माठापाशी जाऊन उभी राहिली.

मला बसूदादांसारखा आनंद होत नाही. का होत नाही, हे मी बसल्या जागी शोधत होते. अक्का जिथं राहते तिथला एक कारखाना बंद पडला, तेव्हा शेजारचा म्हातारा तिच्या दारात आला होता. दर हिवाळ्यात हाच म्हातारा तिच्या दारापुढचा बर्फ ओढून देतो. त्यानं विचारलं, आमचं काम तुमच्या देशात गेलं का? भांडायला नव्हता आला, नुसतं विचारत होता. अक्कानं त्याला आत घेऊन चहा दिला. मोठ्या देशांचं ऊन उतरतं म्हणजे कोणाच्या तरी अंगणातलं उतरतं. हैदराबादची हुकूमत गेली तेव्हा आपला मुलूख मोकळा झाला याचा अज्जांना अभिमानच होता, पण उर्दूचा एखादा जुना कागद वाचायला कोणी घेऊन आलं की त्यांचा चेहरा खुलायचा आणि कागद परत देताना हात रेंगाळायचा. दोन्ही खरं होतं.

आणि आपण? आपण दर वेळी वाट कापतो. कधी हैदराबादसाठी कमान, कधी अमेरिकेसाठी ज्वारी. उद्या आणखी कोणी मोठा झाला की त्याच्यासाठी कापू. जग बदलतं म्हणजे पुष्कळदा फक्त पाहुणा बदलतो, विळा आपल्याच हातात असतो आणि पीकही आपलंच असतं. हे मला त्या सावलीत कळलं असं नाही. अज्जांनी सांगितलं होतं, मी तेव्हा हसले होते. ऊन चांगलं तापलं होतं. ज्वारीवरून वारा गेला की पानं एकमेकांवर घासत होती आणि भज्जीवर साय धरत होती.

तेवढ्यात भरावावरच्या उंच सडकेवर हॉर्न वाजला. ज्वारीच्या शेंड्यांवर मोटारीचं पांढरं टप तेवढं दिसत होतं. ओंकार आला होता.

अप्पा उठले. कुडाचा आधार घेत उठले, आणि कुडात खोचलेला विळा त्यांनी काढला. "नातू आलाय," ते म्हणाले. "बांधावरनं ढेकळांत पाय मुरगळंल त्याचा. पहिल्यांदा येयलाय येळवशीला." आणि ते ज्वारीकडं निघाले. बसूदादांचं बोलणं थांबलं. मला अज्जांचा आवाज ऐकू आल्यासारखा झाला.

अक्का खोपीमागून आली. तिनं अप्पांच्या मनगटाला धरलं. "अप्पा, न्हाई. कापू नका."

"अगं, मोटार..."

"मोटार राहू द्या तिथंच. माझ्यासाठी एकदा कापली तेवढी बास झाली." तिचा आवाज चढला नव्हता. "त्या वाटेनं मी गेले ती आईला भेटायबी आले न्हाई. त्याला चालत येऊ द्या. मी आणते."

अप्पा तिच्याकडं बघत राहिले. एवढ्या वर्षांत ही गोष्ट तिनं कधी त्यांच्या तोंडावर म्हटली नव्हती. त्यांचे डोळे भरले, माझेही. अक्कानं चपला काढून खोपीपाशी ठेवल्या आणि ती बांधावरून न जाता सरळ ज्वारीत शिरली. दोन्ही हातांनी धाटं हळूच बाजूला सारत, एकही न मोडता. ज्वारी तिच्या डोक्याच्या वर होती. क्षणात ती दिसेनाशी झाली आणि तिच्या मागं पानं मिटली. सडकेच्या दिशेनं जाणारे हलते शेंडे तेवढे दिसत राहिले.

मग ते हलायचे थांबले. सडकेवरून काही ऐकू येत नव्हतं. पंगतीला बसलेले सगळे माना उंच करून बघत होते, लेकरंसुद्धा. बराच वेळ झाला असं मला वाटलं, नसेलही झाला. आणि मग शेंडे पुन्हा हलायला लागले, या खेपेला जास्त रुंद पट्ट्यात. दोघांचं बोलणं ऐकू यायला लागलं. अक्का त्याला काहीतरी दटावत होती, भरभर, न थांबता, आईनं मुलाला दटावावं तसं.

अप्पांनी विळा परत कुडात खोचला आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "बघत काय उभी राहायलीस शैले? आंबील वाढ. बाटलीचं पाणी देऊ नको त्याला."